मन्मथप्पांनी जीप जाळली नाही

"आणि तेव्हा, बंधूंनो, मन्मथप्पांनी खांद्यावरचे उपरणे काढले, रॉकेलमध्ये बुडवले, पेटवले आणि सरकारच्या जीपवर भिरकावले! या दुष्काळी मुलखातली क्रांतीची पहिली मशाल म्हणजे आप्पांचे ते उपरणे होय."

हे वाक्य गेल्या महिन्यात एका प्राध्यापकांनी आमच्या गावी उच्चारले. निमित्त होते मन्मथप्पांच्या नावाने उभारलेल्या कमानीच्या उद्घाटनाचे. कमानीवर सिमेंटचे एक उपरणे केलेले आहे आणि त्याला तांबड्या-पिवळ्या रंगाच्या ज्वाळा काढलेल्या आहेत. घटना घडली तेव्हा प्राध्यापकमहाशयांचा जन्म झालेला नव्हता; याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. परंतु न पाहिलेल्या गोष्टीचे इतके बारीक वर्णन करणारा साक्षीदार मी माझ्या सबंध वकिलीत पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ खोटे साक्षीदार पाहिले आहेत. काही तयारही केले आहेत.

पोलिसांच्या दप्तरातही थोड्याफार फरकाने हीच हकिकत आहे. तेथे मशाल नाही, 'ज्वालाग्राही कापड' आहे. क्रांतिकारक नाही, 'उग्रवादी प्रवृत्तीचा इसम' आहे. पोलीस आणि प्राध्यापक यांचे सहसा एकमत होत नाही. ते होते तेव्हा मला संशय येतो.

त्या खटल्यात मी आप्पांचा वकील होतो. आज मी सोडून त्या प्रकरणातले बोलू शकणारे फार कोणी उरलेले नाही, आणि जे उरले आहेत त्यांना बोलण्याची इच्छा नाही. तेव्हा ज्यांनी आप्पांना पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी माणूस सांगतो, मग प्रकरण. निर्णायक मुद्दा शेवटी मांडण्याची माझी सवय आहे. ती या वयात बदलणार नाही.

मन्मथप्पा धंद्याने हेडी, म्हणजे गुरांच्या बाजारातले दलाल. देवणीच्या बाजारात त्यांच्याशिवाय मोठा सौदा होत नसे. अंगाने उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्याला पटका आणि खांद्यावर पांढरे उपरणे. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते एका फिर्यादीचे समन्स घेऊन. म्हातारा बैल तरुण म्हणून गळ्यात मारला, असा त्यांच्यावर आरोप होता. मी नुकतीच बसस्थानकामागे पत्र्याच्या खोलीत वकिली मांडली होती. आप्पा बसले नाहीत. वाकून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"वकीलसाब, जरा हसा बगू."

"कशासाठी?"

"हसा तर."

मी हसलो नाही. पण बोलताना दात दिसतातच. आप्पा सोबतच्या माणसाकडे वळून म्हणाले, "चौसा हाय. कामाला लागलाय, पन खोड अजून मोडायची हाय. चालंल."

बैलाचे वय दातांवरून ठरते. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. दोन आले की दुदाती, चार आले की चौसा, सहा आले की सहादाती, आणि सगळे आले की बैल 'जुळला'. आप्पा हीच मोजपट्टी माणसांना लावत. शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी 'जुळला, आता दावनीची शोभा' ठरवले होते. दौऱ्यावर आलेल्या एका मंत्र्यांबद्दल ते म्हणाले होते, "दात सगळे हायेत, पन दाखवीत न्हाई. खातो कशानं ते कळंना." या निदानांवर अपील नसे.

तो बैलाचा खटला आम्ही जिंकलो. बैल खरोखरच म्हातारा होता, हे आप्पांनी मला निकालानंतर सांगितले. मी रागावलो तेव्हा म्हणाले, "वकीलसाब, हेड्यानं खोटं बोलायचं आन् घेनाऱ्यानं दात बगायचे, ह्यो बाजाराचा कायदा हाय. त्यानं दात बगितले न्हाईत. मंग गुन्हेगार कोन?" खोटे हे त्यांच्या व्यवसायाचे साधन होते आणि सुताराने रंधा वापरावा तसे ते वापरत. पण ज्यातून स्वतःला काहीच मिळणार नाही असे खोटे ते आयुष्यात एकदाच बोलले. त्याच्याकडे मी येतो.

बाजाराचा आणखी एक कायदा येथे सांगणे भाग आहे, कारण हे प्रकरण त्यावर उभे आहे. गुरांचा सौदा तोंडाने होत नाही. हेडी आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातात हात देतात आणि दोन्ही हातांवर उपरणे टाकतात. बोलणी बोटांनी होतात. भोवती शंभर माणसे असली तरी कोणाला काही कळत नाही. सौदा जुळेपर्यंत किंवा फिसकटेपर्यंत हात काढायचा नाही. आणि उपरण्याखाली जे झाले ते त्या दोघांखेरीज तिसऱ्याला कधीही सांगायचे नाही. आप्पांना एकदा त्यांच्या बायकोने विचारले की अमक्याची जोडी कितीला गेली, आप्पा म्हणाले, "उपरन्याला विचार."

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला आणि त्याच सुमारास आमचा जिल्हा नवा झाला. जिल्हा नवा झाल्याचा आनंद आम्ही ढोल वाजवून साजरा केला होता. नंतर असे लक्षात आले की माणसे नव्या जिल्ह्यात आली, पण त्यांचे कागद जुन्या जिल्ह्यात राहिले. गावाने जनावरांसाठी छावणी मागितली. जुना जिल्हा म्हणाला, तुम्ही आता आमचे नाहीत. नवा जिल्हा म्हणाला, तुमचे कागद अजून आमच्याकडे आलेले नाहीत. जनावरे कोणत्या जिल्ह्यात मरत होती, याबद्दल मात्र दोन्ही कार्यालयांत मतभेद नव्हता. तो प्रश्न कोणी काढतच नव्हते.

छावणी मंजूर झाली ती दूरच्या गावी. तेथे एका पुढाऱ्याचे आजोळ होते. कडब्याने भरलेले ट्रक तिकडे जायचे ते आमच्या गावातून. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि जन्मभर विसरणार नाही. ट्रकचा आवाज आला की गोठ्यागोठ्यातली जनावरे वास घेऊन उभी राहत, दाव्याला ओढ घेत आणि एकदम हंबरू लागत. ट्रक निघून जाई. धूळ खाली बसे. जनावरे बराच वेळ त्या दिशेला पाहत उभी राहत आणि त्यांच्या मागे उभी असलेली माणसे जनावरांकडे पाहण्याचे टाळत. एका तरण्या पोराच्या घरचा देवणी बैल असाच ओढ घेता घेता खाली बसला तो पुन्हा उठला नाही. अर्ज, विनंत्या, उपोषण यांतून जो राग तयार होत नाही तो त्या ट्रकमागच्या धुळीतून तयार होत होता.

अशा वेळी सरहद्दीपलीकडून दोन माणसे गावात आली. मराठीत तेलुगू मिसळून बोलत. पोरे त्यांना 'अन्ना' म्हणत. पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, कोरड्या विहिरीच्या काठावर ते बसत आणि गावची पोरे त्यांच्याभोवती. ते सांगत होते की अर्ज करणाराला सरकार ओळखत नाही, बंदूकवाल्याला ओळखते. की कागद जळतात आणि हापिसेही जळतात. मी एकदा दुरून ऐकले. त्यांचे बोलणे शेवटचे वाक्य सोडल्यास तर्कशुद्ध होते, हे मला मान्य करावे लागेल.

आप्पाही ऐकून आले. मी विचारले, "दात पाहिलेत का?"

"बगितले. जुळलेली हायेत दोघं बी. पन मानंला घट्टा न्हाई." ज्या बैलाने जू ओढले त्याच्या मानेची कातडी कठीण होते, तिला घट्टा म्हणतात. "जू कदी ओडलंच न्हाई, आन् शिकवून राहिलेत नांगरायचं."

"पण सांगतात ते खोटे आहे काय?"

"खोटं न्हाई. रोग बराबर सांगतेत. आवशीद असं हाय की जनावर ऱ्हात न्हाई." मग म्हणाले, "आन् वकीलसाब, ते पोरायला बोलवीत न्हाईत, ध्यानात घ्या. नुस्ते बसून ऱ्हातेत. काहून? पोरगं एकदा का घरातून पळालं, त्याच्या मागं पोलीस लागला, की मंग बोलवायची गरजच न्हाई. जो पळाला तो त्यायचा."

हे त्यांचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. कमानीवर खरे म्हणजे हे लिहायला हवे होते.

मग मोर्चाचा दिवस आला. नवे कलेक्टर टंचाईच्या पाहणीसाठी आमच्या तालुक्याच्या गावी येणार आणि डाकबंगल्यावर थांबणार, असे कळले. आसपासच्या खेड्यांतली माणसे जमली. सर्वांनी रिकामी दावी खांद्यावर टाकली होती. आमच्याकडे जनावर विकले किंवा मेले तरी दावे घरातच ठेवतात. दावे गेले तर गोठ्याची बरकत जाते, असे म्हणतात. त्या दिवशी ती सगळी खुंटीवरची दावी रस्त्यावर आली होती. घोषणा फारशा नव्हत्या. हजारभर माणसे दावी घेऊन गप्प उभी असली म्हणजे फौजदाराला काय वाटते, ते त्या दिवशी आमच्या फौजदाराच्या चेहऱ्यावर वाचता येत होते.

दुपार उलटली. डाकबंगल्याच्या पुढच्या अंगणात कलेक्टरांची जीप उभी होती. ती पेटली. ड्रायव्हर आधीच लिंबाखाली जाऊन झोपला होता म्हणून वाचला. आरडाओरडा झाला, पोलिसांनी काठ्या उगारल्या, लोक मागे सरले. आणि धूर जरा बाजूला झाला तेव्हा सर्वांना दिसले की जळणाऱ्या जीपशेजारी मन्मथप्पा एकटे उभे आहेत.

फौजदाराने ओरडून विचारले, "कोणी लावली?"

"म्या," आप्पा म्हणाले.

"तुम्ही? आप्पा, वय काय तुमचं?"

"जुळलोय. धरा."

हजार माणसांनी हे पाहिले आणि ऐकले. त्यामुळे हजार माणसे आजही सांगतात की आप्पांनी जीप जाळली. त्यांतल्या एकानेही आप्पांना जीप पेटवताना पाहिलेले नाही. त्यांनी पाहिली ती पेटलेली जीप आणि तिच्याशेजारी उभा असलेला माणूस. या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्यावर वकिलांची घरे चालतात.

संध्याकाळी मी कोठडीत गेलो. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. उपरणे खांद्यावर होते. मी म्हणालो, "आप्पा, हे काय चालवले आहे? तुम्ही जीप लावली नाही, हे मला माहीत आहे."

"हळू बोला."

"मला एक साक्षीदार बोलावू द्या. एकच. असा साक्षीदार आहे की त्याच्यावर या देशातले कोणतेही कोर्ट अविश्वास दाखवणार नाही. पहिल्या तारखेला सुटाल."

"त्याला बोलवायचं न्हाई."

"का?"

"म्या सुटलो तर पोलीस कुनाला धरंल?"

"ज्याने लावली त्याला."

आप्पा माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी बैलाला विचारून त्याचे वय ठरवणारा मनुष्य आहे. "त्याला न्हाई वो. सगळ्यायला. एकाला धराया घरोघर जातेत, दार तोडतेत, बाप सापडंना तर ल्योक नेतेत. पोरं काय बसून ऱ्हातील? कुटं पळतील? ते दोगं हिरीवर बसलेत न्हाई का, पाय सोडून." मग म्हणाले, "माझं काय? जुळलेला बैल हाय. दावं सोडलं तरी गोठ्यातच येतो. म्या पळनार न्हाई, त्यायच्या कामाचा न्हाई. सरकारला एक आरोपी पाहिजे. घेऊ द्या."

"आणि मी कोर्टात काय सांगू?"

"कायबी सांगू नका. तेवढं जमंल का?"

माझ्या व्यवसायातल्या मित्रांनी नंतर मला ऐकवले की निरपराध अशिलाला गुन्हा कबूल करू देणारा वकील कसला. त्यांना माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे: खटला अशिलाचा असतो. मी त्यांना तीनदा विनवले, एकदा भांडलो, आणि त्यांनी प्रत्येक वेळी माझ्या दातांकडे पाहिले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. आप्पांनी त्या दिवशी जे ओळखले होते ते आमच्या बार रूममध्ये कोणी ओळखले नव्हते.

त्याचा पुरावा शेजारच्या गावाने दिला. तेथे पुढच्याच आठवड्यात कडब्याच्या ट्रकवर दगडफेक झाली. आरोपी सापडेना, म्हणून पोलीस वस्तीवर गेले आणि मिळेल त्याला उचलू लागले. जी पोरे हाती लागली ती मार खाऊन परत आली. जी लागली नाहीत ती सरहद्द ओलांडून गेली. त्यांतल्या एकाचे प्रेत काही वर्षांनी पोलिसांच्या गाडीतून आले. अंगावर अन्नांच्या टोळीचा हिरवा शर्ट होता आणि आईने त्याला पायाच्या बोटांवरून ओळखले. त्याच्या बापाची दोन जनावरे त्या दुष्काळात मेली होती. बाप पुढे नेहमी तीनच म्हणत असे.

आमच्या गावातून कोणी गेले नाही. विहिरीवरचे दोघे आठवडाभर बसून राहिले, मग उठून देगलूरच्या रस्त्याला लागले. त्याच आठवड्यात आमच्या गावी छावणी उघडली. कागद तोवरही आलेले नव्हते. ती कोणाच्या हुकमाने उघडली, हे तालुक्यात कोणाला सांगता येईना. पहिला ट्रक मारुतीच्या देवळापुढे थांबला आणि माणसे कडबा उतरवायचे सोडून त्याला हात लावून पाहत उभी राहिली.

आप्पांना सक्तमजुरी झाली. तुरुंगाच्या शेतीवर बैल होते. आप्पांना त्यांच्याकडे लावले. पहिल्याच दिवशी त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला सांगितले की तुमचा डावीकडचा बैल चौसा म्हणून घेतलात, तो माझ्यापेक्षा म्हातारा आहे. चौकशी झाली. बैल आप्पांनीच एका मध्यस्थामार्फत विकलेला होता, हे उघडकीस आले नाही.

सुटून आल्यावर 'उग्रवादी' हा शब्द त्यांच्यामागे राहिला. जिल्ह्यात कोणी मोठा माणूस येणार असला की आदल्या दिवशी एक शिपाई आप्पांच्या ओट्यावर येऊन बसे. आप्पा त्याला चहा पाजत, त्याच्या म्हशीची चौकशी करत आणि पाहुणा जिल्ह्याबाहेर गेला की त्याला निरोप देत. "म्या हाय म्हनून सरकार सुखानं झोपतंय," असे ते म्हणत.

एकदा बाजाराच्या दिवशी कलेक्टरसाहेब देवणीला आले. बदली झाली होती आणि ते जिल्हा सोडून निघाले होते. आले होते तेव्हा आप्पांनी त्यांना 'दुदाती' ठरवले होते. म्हणजे अजून कोवळे, हौशी, कामाला न जुंपलेले. साहेब गर्दीतून सरळ आप्पांसमोर आले. मग साहेबांनी, भर बाजारात, ओठ वर करून दात दाखवले.

आप्पांनी नीट पाहिले. "चौसा झालाव, सायेब," ते म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान लववली आणि ते गेले. बाजाराला वाटले, साहेबाचे डोके फिरले.

आप्पा पिकल्या वयात गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला जात असे. एकदा म्हणालो, "आप्पा, आता तरी खरे सांगू द्या."

"म्या मेल्यावर बी न्हाई. ते जाळनारं पोरगं जितं हाय तंवर न्हाई."

"तो पळून जाण्याच्या वयाचा राहिला नाही, आप्पा. त्याला नातू आहे."

"मंग नाव तेवडं घेऊ नका," आप्पा म्हणाले. "बाकी तुमची खाज तुमी बगा." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "यम रेड्यावर येतो म्हनतेत. आला की पयले रेड्याचे दात बगतो. म्हातारा असंल तर बसत न्हाई." रेडा बहुधा तरणा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. उपरणे खांद्यावर होते.

ज्याने जीप लावली त्याचे नाव मी घेणार नाही. तो जिवंत आहे, घरंदाज आहे, गावात त्याचा शब्द मानला जातो. कमानीच्या उद्घाटनाला तो पहिल्या रांगेत होता आणि प्राध्यापकांच्या त्या वाक्याला सर्वांत मोठ्याने टाळ्या त्याने वाजवल्या. त्यात कृतज्ञता होती की सुटका, हे मी ठरवत नाही. आप्पांनी त्याला त्या दुपारी वाचवले. मी त्याला आता उघडा पाडणे म्हणजे झालेला सौदा मोडणे होय.

पण आप्पांना मशालवाले म्हणणे मला सहन होत नाही, आणि ते मी त्या सभेत उभा राहून सांगितले. प्राध्यापक नम्रपणे म्हणाले, "वकीलसाहेब, आप्पांनी स्वतः कबूल केले होते." मी म्हणालो, आप्पांनी म्हाताऱ्या बैलाला चौसाही म्हटले होते. "हजार लोक साक्षीला होते," ते म्हणाले. मी म्हणालो, हजार लोक बंगल्यापुढे होते. प्रश्न बंगल्यामागचा आहे. तेव्हा संयोजकांनी माईक बंद केला आणि मला शाल दिली.

शाल मी घेतली. मुद्दा सोडला नाही. तो असा.

कलेक्टरांनी दोन माणसांना बोलणीसाठी आत घेतले होते: आप्पांना, आणि निवेदन मी लिहिले होते म्हणून मला. समोरून नेले तर जमाव आत घुसेल, अशी साहेबांना भीती होती. म्हणून खानसाम्याने आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराने नेले. लोकांना आणि फौजदारालाही ते कळले नाही. आत कलेक्टर होते आणि खानसामा होता. खानसाम्याला चहा आणायला पाठवले. तो परत आला नाही.

साहेब म्हणाले, "तुमचे म्हणणे मला पटते. पण कागद आल्याशिवाय छावणी देता येत नाही. वरून तसा आदेश आहे. माझे हात बांधलेले आहेत."

"उजवा सोडवून देतो," आप्पा म्हणाले. "डावा ऱ्हाऊ द्या बांधलेला."

त्यांनी साहेबांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्यावर उपरणे टाकले. साहेब माझ्याकडे पाहू लागले. आप्पा म्हणाले, "सायेब, तुमी समद्यांपुडं हो म्हनलाव तर मंत्री जाब इचारंल. न्हाई म्हनलाव तर लोक इचारतील. हितं कुनी इचारीत न्हाई. पयलं बोट छावनी. दुसरं बोट, गावातून जानारा कडबा गावात उतरंल. हो असंल तर दाबा. काय दाबलं ते म्या जन्मात सांगनार न्हाई. तुमी बी सांगायचं न्हाई. सौदा होईस्तोवर हात काढायचा न्हाई."

प्रश्न मोठ्याने होते. उत्तरे उपरण्याखाली होती. ती मला दिसली नाहीत, आणि दिसली असती तरी मी सांगितली नसती. बाजाराचा कायदा त्या दोघांना लागू होता आणि दोघांनी तो शेवटपर्यंत पाळला. मी उपरण्याबाहेर उभा होतो. उपरण्याबाहेरचे तेवढे सांगतो.

पुढच्या अंगणात एकदम आवाज चढला. खिडकीवर आधी उजेड आला, मग काळा धूर. फौजदार बाहेरून ओरडला, "साहेब, जीप पेटवली!" साहेबांनी हात ओढला. आप्पांनी सोडला नाही.

"सौदा अर्ध्यात सोडू नये, सायेब. तिसरं बोट ऱ्हायलं."

"तिसरे कशाचे?"

"पोरं."

"मग धरायचे कोणाला?" साहेबांनी विचारले.

आप्पांनी ओठ वर करून स्वतःचे दात दाखवले. मी खिडकीशी गेलो. बाहेर जीप धडधडा जळत होती. मी वळून पाहिले तेव्हा ते उपरणे, पांढरे आणि कोरडे, कलेक्टरसाहेबांच्या मनगटावर होते, आणि त्याखाली आप्पांचा उजवा हात त्यांच्या हातात होता.